वाचनाच्या, घरगुती युक्त्यांच्या आणि रोजच्या नोंदी एकाच ठिकाणी ठेवाव्यात का?

जुनीवही (प्रश्न)

नमस्कार. वाचलेल्या पुस्तकांबद्दल, कुठे ऐकलेल्या किंवा छापून आलेल्या उपयोगी गोष्टींबद्दल आणि घरातल्या साध्यासुध्या घडामोडींबद्दल मी गेली सोळा वर्षे टिपून ठेवत आलो आहे. पहिली नऊ वर्षे दोनशेपानी वह्यांत लिहिले, पुढे निम्मे वहीत आणि निम्मे फोनवर असा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. आज माझ्याकडे अकरा वह्या आहेत, फोनमधल्या नोंदी किती आहेत हे मोजलेले नाही, आणि एवढे सारे असूनही हवे ते वेळेवर सापडेल याची खात्री नाही.

गेल्या महिन्यात गच्चीच्या भेगा बुजवायच्या होत्या. काही वर्षांपूर्वी एका जाणत्या गवंड्याने त्याचे मिश्रण आणि करण्याची रीत मला समजावून सांगितली होती, आणि ती मी त्याच दिवशी उतरवून ठेवली होती एवढे पक्के आठवत होते. ती नोंद शोधण्यात तीन संध्याकाळी गेल्या. अखेर ती सापडली ती तुकोबांच्या एका अभंगावर लिहिलेले पानभर आणि दुधाच्या बिलाचा हिशेब यांच्यामध्ये, चार ओळींत, समासात तिरकी लिहिलेली. शोधता शोधता आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मी अधिक अस्वस्थ झालो. एका कादंबरीपुढे मी फक्त ‘अप्रतिम! जरूर वाचावी’ असे लिहिले होते, आणि आज त्या कादंबरीत काय होते, हे डोके खाजवूनही आठवत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे. तिन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात की वेगवेगळ्या? पुस्तकाबद्दल नेमके काय लिहिले म्हणजे दहा वर्षांनी ते उपयोगी पडेल? आणि कागद चांगला की फोन? ज्यांनी हा उद्योग बरीच वर्षे केला आहे, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

दाखलनोंद

मी तीसेक वर्षे एका सार्वजनिक वाचनालयात काम केले आहे, त्यामुळे उत्तराला त्या कामाचा वास येईल. तो चालवून घ्यावा.

वाचनालयात नवे पुस्तक आले की ते आधी दाखल नोंदवहीत चढते. तिथे विषय पाहत नाहीत. आले त्या क्रमाने पुढचा क्रमांक मिळतो. स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली ज्ञानेश्वरीची प्रत आली तरी बिघडत नाही, कारण पुस्तक शोधणारा माणूस ती वही उघडतच नाही. तो तालिका पाहतो, म्हणजे लेखकाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे लावलेली कार्डे. आपली गल्लत अशी झाली आहे की आपण दाखल नोंदवही सोळा वर्षे इमानेइतबारे लिहिली आणि तालिका केलीच नाही. म्हणून माझ्या मते नोंदी वेगळ्या करण्याची गरज नाही. आपण दिवसभर जगतो तेव्हा पुस्तक, गच्ची आणि दूध एकत्रच असतात. ‘ही नोंद कुठल्या वहीत?’ या विचारात दोन मिनिटे गेली की ती नोंद बहुधा राहूनच जाते. वही एकच ठेवा, पानांना क्रमांक द्या, शेवटची बारा-पंधरा पाने सूचीसाठी सोडा, आणि महिन्यातून एकदा बसून ‘गच्ची : वही ४, पान ११२’ एवढ्याच ओळी तिथे चढवा. जुन्या अकरा वह्यांची सूची एका दमात करायला जाऊ नका. एखादी जुनी वही काही कारणाने उघडलीच, तर तेवढ्या पानांची करा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचे काम १९४८ साली सुरू झाले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे धातूच्या खणांत लावून ठेवल्या आहेत. एका चिठ्ठीवर एक शब्द, आणि तो कुठल्या ग्रंथात कोणत्या जागी आला त्याचा पत्ता. हा पत्ता नसेल तर त्या कोटीभर चिठ्ठ्या रद्दीच्या भावाने जातील. आपल्या वहीतही तसेच आहे. कुणी सांगितले, कुठे वाचले, कोणत्या दिवशी, हे तीन शब्दांत का होईना लिहिलेले असावे.

आता पुस्तकाबद्दल. लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष आधी लिहावे. आपल्याकडे पुनर्मुद्रणालाही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणण्याची सवय आहे, आणि खरोखरच नव्याने अक्षरजुळणी झालेली असेल तर पानांचे क्रमांक सरकतात. ‘पान ८७’ असे लिहून ठेवलेला उतारा नव्या प्रतीत ९४ वर निघतो आणि माणूस स्वतःच्या नोंदीवर संशय घेऊ लागतो. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९.

त्याखाली पुस्तक काय म्हणते ते स्वतःच्या शब्दांत चार-पाच वाक्यांत लिहा, आणि ते पुस्तक मिटून ठेवून लिहा. उघडे ठेवून लिहिले तर आपण नकळत उतरवून घेऊ लागतो. कुठे पटले नाही, हेही एका वाक्यात यावे. ‘अप्रतिम’ या शब्दाने आपल्याला दगा दिला तो याच जागी. एखादे वाक्य जसेच्या तसे घ्यायचे असेल तर त्याला अवतरणचिन्हे घाला आणि शेजारी पान लिहा. वाचनालयातल्या एका व्याख्यानात मी एक सुरेख वाक्य माझे म्हणून बोललो आणि श्रोत्यांतल्या एका आजोबांनी ते कुणाचे आहे ते शांतपणे सांगितले. माझ्या टिपणात अवतरणचिन्हे नव्हती, एवढाच माझा अपराध होता. पण त्या दिवशी तो पुरेसा होता.

तिखटमीठ

दाखलनोंद काकांशी मी बव्हंशी सहमत आहे. फक्त युक्त्यांच्या बाबतीत ‘कुठे वाचले’ एवढ्याने भागत नाही. पुस्तकातले मत चुकले तर फार तर वाद होतो, युक्ती चुकली तर घरातल्या माणसाला ती भोगावी लागते.

माझी वही लग्नानंतर सुरू झाली. सासूबाईंनी सांगितलेले, वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापून चिकटवलेले, शेजारणीकडून आलेले असे सगळे त्यात आहे. बरीच वर्षे त्यात खरे-खोटे एकाच शाईने लिहिलेले होते. मग मी प्रत्येक युक्तीपुढे एक अक्षर लिहू लागले : ‘ऐ’ म्हणजे नुसते ऐकले, ‘क’ म्हणजे स्वतः करून पाहिले, ‘फ’ म्हणजे फसले. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवणे, मिरचीच्या पुडीत हिंगाचा खडा टाकणे, यांच्यापुढे ‘क’ आहे. फसलेल्या युक्त्या मी खोडत नाही, कारण तीच युक्ती तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून नव्या थाटात येते आणि आपण पुन्हा फसतो.

एकच पान मी लाल शाईने लिहिले आहे. पहिल्याच वर्षी मी उत्साहाने टिपले होते की भाजल्यावर टूथपेस्ट लावावी. पुढे मुलाच्या हातावर चहा सांडला, मी वही न बघताच टूथपेस्ट लावली, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती हळूहळू धुऊन काढताना मला जे ऐकवले ते इथे लिहीत नाही. भाजलेली जागा ताबडतोब साध्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटे धरायची. बर्फ, पेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावायचे नाही. जुन्या ओळीवर मी एक आडवी रेघ मारली, ती वाचता येईल अशी ठेवली, आणि खाली नवी ओळ तारखेसह लिहिली. औषधपाण्याच्या आणि साफसफाईच्या द्रव्यांच्या युक्त्यांपुढे मी ‘ऐ’ ठेवतच नाही. जाणकाराला विचारल्याशिवाय त्या वहीत येत नाहीत. संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये ब्लीच मिसळले की डाग लवकर जातात, हेही मला कुणीतरी सांगितले होतेच. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

मापांबद्दलही एक सांगते. आजेसासूबाईंच्या हातच्या कागदावर पापडांसाठी ‘एक अधोली डाळ’ आहे. अधोली म्हणजे अर्धी पायली हे ठीक, पण पायली गावागणिक वेगळी होती, त्यामुळे पापडखार किती घालायचा हे कळायला मला दोन उन्हाळे लागले. आपणही ‘एक वाटी’ लिहितो तेव्हा हाच घोळ पुढच्या पिढीसाठी करून ठेवतो. मी माझी वाटी औषधाच्या मापाने भरून पाहिली, ती दीडशे मिलिलीटरची निघाली, आणि हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे.

कागद की फोन यावर माझे मत २२ जुलै २०२१ ने घडवले. आम्ही चिपळूणचे. त्या दिवशी तळमजल्यात पाणी चढले तेव्हा वही स्वयंपाकघरातल्या खालच्या फडताळात होती. दुसऱ्या दिवशी ती हातात आली तेव्हा जाड भाकरीसारखी फुगलेली होती. फाउंटन पेनने लिहिलेली पाने निळ्या पाण्याची झाली होती. बॉलपेनचे आणि पेन्सिलीचे अक्षर न् अक्षर टिकले. ओली पाने ओढून सुटी करू नयेत, ती फाटतात. मी मध्ये मध्ये टीपकागद घालत, ते बदलत, पंख्याखाली सावलीत आठ दिवस वही वाळवली. उन्हात ठेवली असती तर पाने वाकडी होऊन कडक झाली असती. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी बुरशी थांबते, हे मला नंतर कळले. अर्थात तेव्हा वीजच नव्हती. हल्ली मी लिहिते कागदावरच, पण महिनाअखेरीस पानांचे फोटो काढून मुलीला पाठवते.

खिळेजुळारी

माझे सारे आयुष्य मराठी अक्षरजुळणीत गेले, आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, मग संगणक. फोनकडे वळण्याआधी मराठीच्या काही खोड्या ठाऊक असाव्यात म्हणून लिहितो. फोनमध्ये शोधता येते हा त्याचा मोठा गुण खरा, पण मराठीत तो शोध अनेकदा गुपचूप अर्धाच होतो, आणि अर्धा झाला हे कळतही नाही.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र निरनिराळे कळफलक दोन वेगळ्या प्रकारे साठवतात. डोळ्याला दोन्ही शब्द सारखे दिसतात, यंत्राला ते निराळे आहेत. ‘अॅ’ची तीच कथा. तो कुणी अ वर चंद्र ठेवून लिहितो, तर कुणी स्वतंत्र अक्षर म्हणून. या स्वतंत्र अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत, जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्यामुळे जुन्या फोनवरून लिहिलेले ‘अॅसिडिटी’ नव्या फोनवर शोधून सापडेलच असे नाही. आकड्यांचेही तसेच. ‘२०१४’ असे लिहून ठेवायचे आणि शोधताना इंग्रजी आकडे टाकायचे, हे कित्येक ठिकाणी जुळत नाही. कुठलाही एक प्रकार धरा आणि तो सोडू नका.

जुन्या पुस्तकांतून उतारे घेणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘गांवांत’ असे अनुस्वार भरलेले असतात. उतारा घेताना ते तसेच ठेवावेत, ती लेखकाची भाषा आहे. पण मग ‘गाव’ शोधून तो उतारा हाती लागणार नाही. यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी दोन-तीन खूणशब्द आजच्या लेखनात टाकायचे, आणि ते शक्यतो असे निवडायचे की त्यांत अर्धा र नाही, अॅ नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. ‘गच्ची’ पेक्षा ‘छत’ बरा, ‘अॅसिडिटी’ पेक्षा ‘पोट’ बरा. हे थोडे हास्यास्पद वाटेल, पण बारा वर्षे चालले आहे.

क्रमवारीवरही विसंबू नका. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. युनिकोडच्या मूळ क्रमात मात्र ळ हा ल च्या शेजारी बसतो आणि क्ष हा क च्या घरात जातो, कारण यंत्राच्या लेखी तो क आणि ष यांचा जोड आहे. ‘क्षमा’ शेवटी शोधत बसलात तर सूचीतून ती हरवली असे वाटेल.

युनिकोडपूर्व काळातल्या फाइली कुणाकडे असतील तर त्यांचे आधी बघा. त्या वेळच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट गेला की पानभर रोमन अक्षरांची खिचडी उरते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यानंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात, ते भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. आणि नव्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत, नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालून ठेवाव्यात. देखण्या ॲपचे आयुष्य आपल्या वहीपेक्षा कमी असते.

(वर मी कित्येकदा ‘अॅ’ आणि एकदा ‘ॲ’ वापरला आहे. आपल्या यंत्रावर शोधून बघा, दोन्ही सापडतात का.)

मृगाचापाऊस

रोजच्या घडामोडींबद्दल वर कुणी फारसे बोलले नाही, म्हणून लिहितो. आमची शेती अमरावतीकडची. वडील रोज रात्री डायरीत तीन-चार ओळी लिहीत. पाऊस किती वेळ पडला, कपाशीची कोणती जात कोणत्या पट्ट्यात लावली, कुणाची बैलजोडी मागून आणली, सरकीचा भाव काय होता. लहानपणी मला ते अतिशय कंटाळवाणे वाटे, आणि कॉलेजात असताना मी माझी डायरी मोठ्या तोऱ्यात ‘मनातले विचार’ लिहिण्यासाठी सुरू केली.

आज दोन्ही माझ्यासमोर आहेत. माझ्या विचारांची पाने मला चार ओळींच्या पुढे वाचवत नाहीत. वडिलांच्या डायऱ्यांतून मात्र मी यंदाही पाहिले की मृग लागल्यावर, म्हणजे ७-८ जूननंतर, आमच्या शिवारात पेरणीजोगा पाऊस यायला कोणत्या साली किती दिवस लागले होते. एका साली त्यांनी पेरणी दोनदा केली होती आणि त्या दिवसापुढे फक्त ‘बी मोडले. पुन्हा आणले. उधार.’ एवढे लिहिले आहे. त्यांना काय वाटले ते त्यांनी लिहिले नाही, आणि मला ते त्या पाच शब्दांतूनच कळते.

म्हणून रोजच्या नोंदीत मनःस्थितीपेक्षा भाजीचा भाव लिहावा, असे माझे काहीसे एकांगी मत आहे. ‘काल’, ‘परवा’, ‘तो माणूस’ असे लिहू नये. तारीख आणि नाव लिहावे. आणि या नोंदी वेगळ्याच ठेवाव्यात, इथे माझा दाखलनोंद यांच्याशी मतभेद आहे. पुस्तकांची वही पाहुण्याच्या हातात देता येते, उधारीची देता येत नाही.

उगीचच

सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी करावी म्हणतात, पण इथे तयारीतच पावसाळा संपेल अशी चिन्हे आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या क्रमांक घालून एकमेकींशी जोडल्या आणि त्यांतून ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले, हे खरे. पण त्यांना ग्रंथ लिहायचे होते, जुनीवही यांना गच्ची गळू द्यायची नाही. मी स्वतः सूची करत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्या वर्षाची वही सलग वाचून काढतो, त्यात एक दुपार जाते, आणि काय कुठे आहे ते बरेचसे लक्षात राहते. ज्या नोंदी त्या एका वाचनालाही नकोशा वाटतात, त्या न सापडल्या तरी चालतील.

जुनीवही

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत काय केले ते सांगतो.

नव्या वहीची पाने क्रमांकित केली आणि मागे पंधरा पाने सोडली. तिखटमीठ ताईंची ‘ऐ-क-फ’ ही अक्षरे जुन्या वह्यांतल्या युक्त्यांना लावायला घेतली, तेव्हा पहिल्या वहीतल्या सव्वीस युक्त्यांपैकी मी स्वतः करून पाहिलेल्या फक्त पाच निघाल्या. गवंड्याची रीत आता ‘क’ आहे. पहिला जोराचा पाऊस झाला आणि भेगा कोरड्या राहिल्या, पण ‘एका पावसापुरते’ असेही पुढे लिहिले आहे. खिळेजुळारी यांनी सांगितलेला प्रयोग केला. माझ्या फोनवर एकच ‘अॅ’ सापडला, दुसरा नाही. ‘दुसऱ्या’ दोन्ही प्रकारांनी शोधला तर आजवर कधी न दिसलेल्या नोंदी वर आल्या, त्यांत त्या ‘अप्रतिम’ कादंबरीच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहिलेले एक अख्खे पान होते. त्यावरून कथानक कळले. मला ती कादंबरी आवडली नव्हती, असे त्या पानावरून दिसते.

उधारीच्या नोंदी वेगळ्या काढल्या आहेत. उगीचच यांची दिवाळीची दुपारही ठरवून ठेवली आहे. एकच शंका उरते : फोनवर बोलून लिहिलेल्या शेकडो नोंदींत विरामचिन्हे नाहीत आणि ‘पाणी’ चे ‘पानी’ झाले आहे. त्या सुधारत बसावे का?

खिळेजुळारी

सगळ्या नकोत. शोधताना जी समोर येईल ती तेव्हाच सुधारा, आणि तोवर ‘पानी’ असेही एकदा शोधून बघत जा.